बायकाट साहेबाचा विस्तव

भर बाजारात आपलं नाव कानावर आलं तर माणूस वळून बघतो. मीही वळलो. बीडच्या बाजारात, बिंदुसरेच्या काठी, तंबाखूवाल्याच्या पालासमोर मी उकिडवा बसलो होतो. पान चिमटीत चुरगळून नाकाशी धरलं होतं, शिंक यायच्या बेतात होती, आणि पाठीमागून एका तरण्या बाईचा आवाज आला, "आता बंकट नको करू मावशे! पोत्याखाली हायत की मिरच्या, दिसायल्यात मला." शिंक जिरली. वळून बघितलं तर माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मिरच्यावाली ओशाळं हसत पोतं उचलत होती आणि तिच्यापुढं काळं घोंगडं खांद्यावर टाकलेली, विशीची असेल नसेल अशी एक धनगराची पोर ओटी पसरून उभी होती. तिनं मला हाक मारली नव्हती. कुणालाच मारली नव्हती. आपण 'लबाडी करू नको' म्हणतो, तसं तिनं माझं नाव बोलण्यात घातलं होतं, आणि ते तिथं असं चपखल बसलं होतं की मिरच्यावालीलाही त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही. साठ वर्षं हे नाव मी वागवतोय, पागोट्यासारखं. पागोटं कधी डोक्यावरून उतरलं, कुणाच्या हाती लागलं, कुणी त्याची चिंधी करून भांडी पुसायला घेतली, हे मालकाला कळूच नये, तशातली गत.

खरं म्हणजे मला हसू यायला हवं होतं. नावाला जपणारा माणूस मी नव्हे. लिंबागणेशाकडच्या खेड्यांत बंकट म्हणजे थापाड्या, हे शेंबडं पोरही सांगेल. मांजरेच्या डोहातल्या मगरीला तंबाखूची चटक लावली ती मीच. बालाघाटाच्या कड्यावरून घोड्यासकट पडलो आणि खाली पोचायला इतका वेळ लागला की वाटेत भूक लागली, म्हणून फडक्यातली भाकरी सोडून खाल्ली, घोड्यालाही अर्धी दिली, तोही मीच. तेव्हा वाटलं, झालं, थाप मारणं म्हणजे बंकट करणं. नाव निघालं ते घाट उतरून बीडपर्यंत आलं, वर आपला मानच. पण मिरच्यावाली थाप कुठं मारत होती? तिच्याकडे मिरच्या होत्या आणि ती नाहीत म्हणत होती. हा फरक आधी पोटात उतरला, डोक्यात मागून आला. मी तंबाखू तशीच टाकून तिच्याकडे गेलो.

"बाई, ती पोर काय म्हणाली तुला?"

"काय म्हणाली?"

"बंकट नको करू म्हणाली."

"हां, ते व्हय! धनगराचं बोलणं हाय बाबा. घाटाकडले समदेच म्हणतेत. आता आमी बी म्हणतो."

"म्हणजे काय पर?"

"असून न्हाई म्हणणं," ती म्हणाली, आणि तराजूचा काटा बोटानं सरळ करत वर आणखी सहज जोडलं, "दार लावून."

दार लावून. मिरच्यांना दार कुठलं? पोत्याला दार कुठलं? शब्दाबरोबर हे दार कुठून कुठून वाहत आलं होतं, आणि बाईला ठाऊकही नव्हतं की आपण एका माणसाच्या घराचं दार त्याच्याच तोंडावर लावलंय. माझे कान तापले. ती पोर गर्दीत पुढं निघाली होती, घोंगड्याचा काळा ठिपका होऊन. मी तिच्यामागं निघालो. का निघालो, हे मला सांगता येणार नाही. अर्थ तर कळला होता. पण अर्थ कळल्यानं भागत नाही. शब्द कुठून आला, कुणी आणला, त्यात माझं किती आणि लोकांनी घातलेलं किती, हे कळायला हवं होतं. माझ्या नावावर काय काय चढलंय ते एकदा कानांनी ऐकायचं आणि त्यातलं जेवढं खोटं असेल तेवढं तरी उतरवून घ्यायचं, असं काहीतरी मनात होतं. थापाड्यालाही वाटतं बरं का, की आपल्याविषयी लोकांनी खरं बोलावं.

माणसाच्या नावाचा शब्द होतो हे गावात कुणाला आधी ठाऊक असेल तर मला. मोमिनाबादेला तेव्हा घोडदळाची छावणी होती. तिथं मी एका आयरिश साहेबाच्या घोड्यांचा सईस होतो. आयरिश म्हणजे इंग्रजच, पण इंग्रजांवर दात धरून असलेला, एवढंच मला समजलेलं. एकदा धोबी तीन दिवस फिरकला नाही, तेव्हा साहेब मोरीपाशी उघडाबंब उभा राहून ओरडला, "ये धोबी ने मुझे बायकाट किया!" मी घोड्याला खरारा करत होतो. म्हटलं, साहेब, बायकाट म्हणजे काय? साहेब हसायला लागला. म्हणाला, बायकाट शब्द नाही, माणूस आहे. त्यांच्या मुलखात एका मोठ्या जमीनदाराचा तो कारभारी. पीक बुडालं, कुळांनी सूट मागितली, यानं थोडीशी दिली आणि वर जमिनी सोडायच्या नोटिसा काढल्या. कुळांनी त्याला दगड मारला नाही की शिवी दिली नाही. नुसती पाठ फिरवली. गडी कामावर येईनात, आचारी गेला, दुकानदार पाव देईना, टपाल पोचेना. शेतातले बटाटे काढायला सरकारनं लांबून पन्नास माणसं आणली आणि त्या पन्नासांच्या रखवालीला हजार शिपाई. बटाट्यापेक्षा पहारा महाग पडला! आता या प्रकाराला त्यांच्या पोथ्यांत एक भलामोठा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या तोंडात बसेना. तेव्हा तिथला पाद्री म्हणे म्हणाला, त्याचंच नाव द्या की. दोन-तीन महिन्यांत नावाचा शब्द झाला. साहेबाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. मी विचारलं, मग शेवटी त्याचं काय झालं? "चला गया," साहेब म्हणाला. "बीवी को लेके, अपने मुलूक." आणि मग? "फिर क्या? जी लिया." घोड्याच्या अंगावरून माझा हात थांबला, इतका हा शेवट मला अळणी वाटला. एवढी मोठी गोष्ट, आणि शेवटी माणूस नुसता निघून जातो, जगतो? तो शेवट मी तिथंच, मोमिनाबादेच्या तबेल्यात, लिदीबरोबर टाकून दिला.

पोर बाजारातून बाहेर पडली आणि नदीकाठच्या पायवाटेला लागली. मी वीसेक पावलं मागं. ऊन कलतं होतं आणि वारा सुटला होता. तिनं एकदा वळून बघितलं. मी मान खाली घालून खडा लागल्यासारखं पायतान झटकलं. म्हाताऱ्याला कुणी भीत नाही, हे एक बरं. छावणी सोडल्यावर दहाएक वर्षांनी इथल्याच शाळेतल्या मास्तरानं पुण्याचं वर्तमानपत्र सदऱ्याखाली लपवून आणलं होतं. निजामाच्या मुलखात ते वाचताना सापडला असता तर नोकरी गेली असती. त्यात विलायती कापडाचा बायकाट, साखरेचा बायकाट. मास्तर हळू आवाजात मला अर्थ समजावू लागला, म्हणाला, "हे नवं शस्त्र आहे, बंकटराव, कुणाचा जीव न घेता चालवायचं." मी ऐकून घेतलं. जो शब्द पुण्याच्या आधी मी माझ्या गावात नेला, त्याचा अर्थ मला साखरेवरून समजावत होते. मी मास्तराच्या ओठांकडे बघत राहिलो आणि मला त्या ओठांतून धूर निघताना दिसू लागला.

छावणी सोडून गावी परतलो तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, एक फाटका लष्करी कोट आणि दुसरा बायकाट साहेब. चावडीपुढं संध्याकाळी माणसं जमायची, त्यांना मी तो साहेब वाढला. पण आमच्या गावाला टपाल कुठलं आणि पाव कुठला? परमुलखातल्या गोष्टीला गावचं माप घालावं लागतं. मी म्हटलं, न्हावी त्याची हजामत करीना, दाढी गुडघ्यापर्यंत आली. विहिरीवर त्याच्या पोहऱ्याला कुणी दोर देईना. कावळासुद्धा त्याच्या घरावर बसून ओरडेना. माणसं हसत होती. हसण्यावर माझं भागत नसे. माणसांनी श्वास धरला पाहिजे. आणि तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "अन् शेजारीण विस्तव देईना!" हसणं थांबलं. आमच्याकडे तेव्हा काडेपेटी पाटलाच्या घरीच काय ती. सकाळी ज्या घराच्या झरोक्यातून धूर दिसेल त्या घरी बाया गोवरीचा तुकडा घेऊन जायच्या, त्यावर निखारा घेऊन यायच्या. दाव्यातला भाऊबंद असला तरी विस्तवाला नाही म्हणत नसत. म्हणून तर चावडीवर सगळ्यांच्या तोंडून एकदम "आरारारा" निघालं. साहेबाच्या मुलखात शेजारणीकडे विस्तव मागतात की नाही, देव जाणे. न्हावी माझा, पोहरा माझा, कावळा माझा. विस्तव तर माझाच. मोहनराव पाटील पुढं सरकून म्हणाले, "मंग शेवटी काय झालं बे त्याचं?" मी म्हटलं, "शेवट न्हाई, पाटील. आजून तसाच बसलाय घरात. हाक मारतो, त्याची भिंतच त्याला ओ देती." पाटलांनी ती गोष्ट महिन्यात तीनदा सांगायला लावली. मला वाटलं, त्यांना गोडी लागली.

त्यांना कृती हवी होती. शहादेव धनगर गावच्या कडेला राहायचा. त्याची मेंढरं ज्या रानात बसतील त्या रानाला लेंडीखत मिळायचं, आणि शेताचा धनी त्याला पायली-दोन पायली ज्वारी द्यायचा. त्या वर्षी पाटलांनी सांगितलं, आधी माझ्या रानात बसव, ज्वारीचं पुढं बघू. शहादेव म्हणाला, मागल्या सालचं पुढंच अजून आलं न्हाई. आणि मेंढरं घेऊन दुसऱ्याच्या रानात गेला. एवढंच. आठ दिवसांत पाटलांनी चावडीवर फक्त एक वाक्य उच्चारलं, "शहादेवाला बायकाट." बाकीचं सगळ्या गावाला तोंडपाठ होतं, मीच पाठ करवलेलं. न्हावी, पोहरा, आणि विस्तव. वाळीत टाकणं आम्हाला नवं नव्हतं. पण ते जातीपुरतं असायचं, त्यासाठी काही पाप घडावं लागायचं, त्याचा दंड असायचा, आणि दंडाचं जेवण एका पंगतीत जेवलं की सुटलं. शहादेवाची आई दगडाबाई दारोदार विचारत फिरली, "दंड काय? किती बकरी कापू?" कुणाला सांगता येईना, कारण माझ्या गोष्टीत दंड नव्हताच. गोष्टीला शेवटच नव्हता. शिवाय तिकडं कुळांनी पाठ फिरवली होती ती कारभाऱ्याकडे. इथं पाटलानं फिरवायला लावली ती धनगराकडे. चाबूक तोच, मूठ उलटी. हे गावात एकट्या मला कळत होतं, आणि मी गप्प होतो. पाटलाची भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, गाव माझ्या गोष्टीसारखं वागतंय हे बघून पहिले चार दिवस मला मौज वाटली होती.

पोर थांबली तेव्हा मीही थांबलो. नदीकाठच्या बाभळीखाली धनगरांचा तळ पडला होता. जाळीच्या कुंपणात पाच-सहा कोकरं, एक पाल, तीन धोंड्यांची चूल. बाकी माणसं बाजारात गेलेली. आणि पालाच्या सावलीत, घोंगडीवर, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेली एक म्हातारी बसली होती. ती इतकी वाळली होती की बसलेली आहे की ठेवलेली, कळू नये. मी तिला ओळखायला दोन श्वास घेतले. शहादेवाची आई, दगडाबाई. म्हणजे ही पोर... मी बोटं मोजली. वीस वर्षं. परत फिरावं, हे मनात आलं, पण पोरीनं मला बघितलं होतं.

"काय पायजे बाबा? कोकरू बघायलाव का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. दगडाबाईनं माझं तोंड त्या दिवशी बघितलंच नव्हतं. तिनं माझा आवाज तेवढा ऐकला होता, बंद दारातून. डोळे गेलेल्या माणसाकडे आवाज जपून राहतात, असं म्हणतात. मी मान हलवली, हो नाही, नाही हो, काय समजायचं ते समज. पोर हसली. तिला वाटलं, म्हातारा बहिरा किंवा खुळा. ती चुलीपुढं वाकली, पाल्यावर गारगोटी घासू लागली. वारा ठिणगी धरू देईना. दोनदा, चारदा, सहादा. पालातून तान्हं पोर रडायला लागलं. मग तिनं कपाळावरचा घाम पुसून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, विस्तव हाय का?"

वीस वर्षांपूर्वी हेच शब्द. पौष होता, आदल्या दिवशी गारा पडल्या होत्या, अवकाळी, सुपाएवढ्या म्हणालो तर थाप होईल, लिंबाएवढ्या. शहादेव मेंढरांमागं घाटावर अडकलेला. खोपट गळलं, पाला भिजला, चकमकीचा कापूस भिजला, आणि सारजाबाई, त्याची बायको, त्याच पहाटे बाळंत झाली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागते, ओव्याची धुरी लागते, हे काय सांगायचं? दगडाबाई सगळी घरं सोडून माझ्याच दारी आली. मी आतून कडी लावली. चुलीपुढं माझी बायको बायनाबाई बसली होती, भाकरी थापता थापता हात तसाच वर धरून. जाळ चांगला हातभर होता. बाहेरून आवाज आला, "बंकट, विस्तव हाय का?" मी चुलीकडे सरकलो. "गोष्ट तुझी हाय, बंकट. तुझ्या हातानंच सुटंल. येक निखारा दे. पोरगी झालीया." बायना माझ्याकडे बघत होती. तिनं चिमटा उचलला. मी तिचा हात धरला आणि दाराकडे तोंड करून म्हणालो, "विस्तव न्हाई. विझला." माझ्या आयुष्यातली सगळ्यात लहान थाप. हिच्यात मगर नाही, घोडा नाही, कडा नाही. मग तिचा आवाज, रागाचा नाही, नुसता विचारल्यासारखा, "धूर कसला मंग?" वर झरोक्यातून धूर जात होता. गावानं बघावा असा. पावलं गेली. चौथ्या दिवशी सारजाबाई गेली. निखाऱ्यानं वाचली असती का? हा वाद मी माझ्याशी वीस वर्षं घालतोय, आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी मीच बोलतो आणि दर वेळी मीच हरतो. शहादेव तान्ही पोर आणि आई घेऊन गाव सोडून गेला. पाटलांच्या रानात त्यानंतर कुणाचीच मेंढरं बसली नाहीत. आणि बायनानं त्या दिवसापासून माझ्या गोष्टींना हसणं सोडलं. मरेपर्यंत.

मी चंची सोडली. चकमक काढली. जुनी सवय, पोलाद गारगोटीवर एकदाच बसलं आणि कापूस पेटला. मी तो ओंजळीत धरून चुलीपर्यंत नेला, वाऱ्याकडे पाठ करून, आणि पाला धरेपर्यंत तिथंच वाकून राहिलो. पोर म्हणाली, "देव भलं करो बाबा तुमचं." तिनं एक निखारा माझ्या चिलमीत ठेवला. "बसा की घटकाभर." मी बसलो. म्हातारीचं तोंड चुलीच्या उबेकडे वळलं होतं, माझ्याकडे नाही. पोरीनं पालातून बाळ आणून तिच्या मांडीवर दिलं आणि तवा चुलीवर ठेवला.

मग मी बोललो. हलक्या आवाजात, घशातल्या घशात, तमाशातल्या सोंगासारखा दुसऱ्याचा आवाज काढून. "पोरी, बाजारात तू म्हणलीस, बंकट नको करू. कोण गं ह्यो बंकट?"

"अय्या, तुमाला ठाव न्हाई?" ती खुलली. गोष्ट सांगणाऱ्याचं तोंड मी ओळखतो. भाकरी थापता थापता तिचे डोळे मोठे झाले. "लई मोठा माणूस व्हता. सात चुली त्याच्या घरी, सातींत जाळ. राजाची राणी बाळंत झाली, राजा मागाया आला, हा म्हणाला न्हाई. नदी मागाया आली, हा म्हणाला न्हाई. शेवटी देव आला गोसाव्याच्या रूपानं, तर ह्यानं दार लावलं अन् आतनं म्हणाला, विझला! मंग देव म्हणाला, बरं, न्हाई तर न्हाई. अन् सातीबी चुलींचा विस्तव त्याच्या पोटात घातला. आता फिरतोय वणवण. पाणी पितो तर वाफ व्हती. बोलाया गेला की तोंडातनं धूर निघतो."

मी चिलीम हळूच खाली ठेवली.

यातली एकही गोष्ट खरी नव्हती. सात चुली, राजा, नदी! किती झकास थाप होती! मला तिच्या जागी मी दिसलो, चावडीपुढं, आणि क्षणभर, लाज वाटते सांगायला, वाटलं की वा, विस्तव पोटात घालायचं मला सुचलं नसतं. मग कळलं की या गोष्टीत तिची आई कुठंच नाही. आई राणी झाली होती. आज्जीनं लहानपणी तिला झोपवायला गोष्ट दिली असेल, मरण काढून. मी विचारलं, "मंग शेवटी काय झालं त्याचं?"

"शेवट न्हाई त्याला," पोर म्हणाली. "फिरतोयच."

चुलीचा धूर वाऱ्यानं माझ्याच तोंडावर येत होता. इथून उठून गेलो असतो तर काही बिघडलं नसतं. पोरीला मी तंबाखू ओढणारा भला म्हातारा होतो. पण असाच गेलो तर तो सात चुलींचा माणूस माझ्याआधी गावोगाव पोचत राहणार, आणि मी मेलो तरी तो मरणार नाही. मी घसा मोकळा केला आणि माझ्या खऱ्या आवाजात म्हणालो, "पोरी, त्यो बंकट मी."

तव्यावर भाकरी फुगली. पोर माझ्याकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "तुमी! अवो बाबा, बंकट असता तर चकमक काढली असती व्हय? विस्तव दिला असता व्हय? तुमी न्हाई म्हणून पळाला असता!" तिनं डोळे पुसले. "आज्जे, ऐकलं का? ह्ये बाबा म्हणतेत, मी बंकट."

आज्जीनं ऐकलं होतं. बाळाच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला होता. कोकरंसुद्धा गप्प झाली असं मी सांगितलं असतं, पण ती ओरडतच होती. मी वाट बघत होतो. शिवी, थुंकी, काठी, काहीही चाललं असतं. दगडाबाईनं ती पांढरी बुबुळं माझ्या दिशेला फिरवली, नेमकी माझ्या तोंडावर आणली.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो न्हवं. त्याचा आवाज मला ठाव हाय."

हात अजून थांबलेलाच होता. धूर कसला मंग, हे माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. असून नाही म्हणणं काय असतं, ते आज मला दाराच्या बाहेरून कळत होतं.

"बरं, येतो," मी उठत म्हणालो. गुडघे वाजले. "चकमक असू दे पोरी तुला. म्हातारपणी काय करायची?"

दहा पावलं गेलो असेन. मागून म्हातारीचा आवाज आला.

"पावणं."

मी थांबलो.

"त्या बायकाट सायबाचं शेवटी काय झालं?"

"कोण सायब, आज्जे?" पोरीनं विचारलं. साहेबाचं नाव तिथं कुणीच काढलं नव्हतं. मी परत आलो आणि चुलीपाशी खाली बसलो. म्हातारीनं मला पहिल्यांदाच आत घेतलं होतं, एका फटीएवढं, आणि ती फट आता लागली तर परत उघडणार नव्हती. जिभेवर नेहमीसारखी दहा उत्तरं येऊन उभी राहिली, एकापेक्षा एक खारी, मसालेदार. मी एकेक मागं सारलं. तबेल्यात टाकून दिलेला तो अळणी शेवट वीस वर्षांच्या लिदीखालून उकरून काढला.

"गेला, दगडाबाई," मी म्हणालो. "बायकोला घेऊन आपल्या मुलखात गेला. जगला. नाव तेवढं तिथं राहिलं."

तिनं चाचपत हात पुढं केला, चुलीतल्या जाळाच्या उबेवर धरला, माझ्या चकमकीतल्या जाळाच्या, आणि बोटं शेकत, अगदी कंटाळल्यासारख्या आवाजात म्हणाली,

"मंग जा तू बी."

मी उठलो. नदीकाठानं बाजाराकडे आलो. पालं उतरवायला सुरुवात झाली होती, उरलेल्या वांग्यांवरून शेवटची घासाघीस चालली होती. गर्दीतून जाताना पाठीमागं, अगदी जवळ, कुणीतरी ओरडलं, "बंकट नको करू बे, हाय तुझ्याकडं!"

मी वळलो नाही.